देणगीची पोंच

खाजगी महाविद्यालयांच्या वार्षिक समारंभांत एक वाक्य ठरलेलें असतें. पाहुण्यांचें भाषण संपत आलें म्हणजे संस्थेचे चिटणीस उठतात, घसा साफ करतात आणि 'संस्थेची आर्थिक स्थिति बिकट असून उदार धनिकांनीं पुढें यावें' असें म्हणून खालीं बसतात. टाळ्या होतात, चहा होतो, आणि धनिक, कोणी आलेच असले तर, चहानंतर मोटारींत बसून निघून जातात. पुढल्या वर्षीं तेंच वाक्य, तीच टाळी. आम्हीं हें वाक्य आयुष्यांत अनेक ठिकाणीं ऐकलें आहे. आणि गेलीं चार वर्षें एका तालुक्याच्या गांवच्या लहानशा महाविद्यालयाच्या कार्यकारी मंडळावर असल्यामुळें तें लिहून देण्याचें कामहि आमच्याच वांट्यास आलें आहे. म्हणून त्या वाक्याविरुद्ध लिहिण्याचा थोडासा अधिकार आम्हांस आहे असें आम्ही समजतों.

आमचें म्हणणें असें कीं, लहान महाविद्यालयांस पैसा मिळत नाहीं याचें कारण लोकांची कृपणता हें नव्हे. आलेल्या पैशाची आठवण ठेवील अशी माणसें आणि अशी व्यवस्था त्यांच्यापाशीं नसते, हें त्याचें कारण होय. ज्याला आपण मोठ्या डौलानें 'देणगी विभाग' म्हणतों, तो बहुतेक ठिकाणीं एका लेखनिकाच्या टेबलाचा एक खण असतो. हें आम्ही अलंकारानें म्हणत नाहीं.

गेल्या उन्हाळ्यांत महाविद्यालयाचें कार्यालय रंगवावयाचें म्हणून कपाटें व टेबलें हलविलीं, तेव्हां एका जुन्या टेबलाचा खण उघडेना. किल्ली कोणापाशींच नव्हती. सुतार बोलवावा लागला. आंत पाकिटांचा एक गठ्ठा निघाला. पाकिटें फोडलेलीं होतीं, म्हणजे कोणीं तरी तीं वाचलीं होतीं. त्यांत सहा धनादेश होते. सर्वांत जुना २०१७ सालचा, सर्वांत नवा २०२१ सालचा. एक हजाराचा एक, दोन हजारांचे तीन, पांच हजारांचा एक आणि पंचवीस हजारांचा एक, मिळून ३७,००० रुपये. धनादेशाची मुदत २०१२ पासून तीन महिन्यांची झाली आहे हें वाचकांस ठाऊक असेलच. अर्थात् ते सहाहि कागद रद्दींत घालण्याच्या लायकीचे झाले होते. प्रत्येकाबरोबर पत्र होतें. पांच हजारांच्या धनादेशाबरोबरचें पत्र एका माजी विद्यार्थिनीचें होतें. तिनें लिहिलें होतें कीं, आपणांस नोकरी लागली, पहिला पगार हातीं आला. वाचनालय संध्याकाळीं सहाला बंद होई आणि घरीं अभ्यासाला जागा नव्हती, म्हणून आपण महाविद्यालयाच्या जिन्यांतल्या दिव्याखालीं पहारेकरी हाकलून देईपर्यंत वाचीत बसत असूं. या पैशांतून त्या बाबतींत कांहीं करतां आलें तर करावें. त्या पत्रावर लाल शाईनें 'पाहिलें' एवढाच शेरा होता.

तो लेखनिक आतां निवृत्त झाला आहे. तो लबाड नव्हता. लबाड माणूस धनादेश खणांत कुजूं देत नाहीं. देणगी कोणत्या खात्यांत भरावी, तिची पावती कोणत्या पुस्तकांतून फाडावी आणि उत्तराच्या पत्रावर सही कोणाची घ्यावी, हें त्याला कोणीं सांगितलें नव्हतें. त्यानें विचारलें असावें. 'पुढच्या सभेंत पाहूं' असें उत्तर त्याला मिळालें असावें. आणि त्या सभांपैकीं निदान शेवटच्या कांहीं सभा आमच्याच होत्या.

याहून खेदाचा प्रकार ठेवींचा. पन्नास वर्षांपूर्वीं गांवांतील एका शिक्षकानें आपल्या मातोश्रींच्या नांवें पांच हजार रुपयांची ठेव महाविद्यालयाकडे ठेवली आणि तिच्या व्याजांतून संस्कृतांत पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्यास पारितोषिक द्यावें असें ठरविलें. त्या काळीं तेवढ्या व्याजांत वर्षाचीं सगळीं पुस्तकें येऊन वर कांहीं उरत असे. आज तेंच व्याज साडेतीनशें रुपयांच्या आसपास येतें. त्यांत एक बरासा कोशहि मिळत नाहीं. पण ही झाली महागाईची गोष्ट. मुख्य गोष्ट अशी कीं, विद्यार्थी मिळत नाहींत म्हणून संस्कृत हा विषयच आमच्या महाविद्यालयांतून अकरा वर्षांमागें उठला. ठेवीचें मात्र दर मुदतीस नूतनीकरण होत राहिलें आणि पारितोषिक कोणासच मिळालें नाहीं. शिक्षकाचीं मुलें नातवंडें पुण्यामुंबईस सुस्थितींत आहेत. 'विषय बंद झाला, आतां हें पारितोषिक मराठीकडे वळवावें काय, आणि त्यांत आपण कांहीं भर घालाल काय?' एवढें पत्र त्यांना गेलें असतें तर आजीच्या नांवासाठीं त्यांनीं आनंदानें भर घातली असती, असें आम्हांस खात्रीनें वाटतें. तें पत्र लिहिण्याचें काम कोणाचें, हेंच ठरलेलें नव्हतें.

आमच्या प्रांतांत विद्येसाठीं पैसा मागण्याची परंपरा कांहीं नवी नाहीं. न्यू इंग्लिश स्कूल १८८० सालीं निघालें आणि १८८४ सालीं डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. त्या इतिहासांत चिपळूणकरांची लेखणी आणि टिळक-आगरकरांची विद्वत्ता यांचें कौतुक आपण आजहि करतों. पण महादेव बल्लाळ नामजोशी हें नांव किती घरांतून माहीत आहे? दक्षिणेकडील संस्थानिकांच्या भेटी घ्याव्या, अधिकाऱ्यांचें मन वळवावें आणि संस्थेसाठीं पैसा उभा करावा, हें काम प्रामुख्यानें त्यांचें होतें. फर्ग्युसन कॉलेजचें पहिलें देणगी कार्यालय म्हणजे नामजोशी, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं. त्यांच्यामागें गोखल्यांसारख्या पुरुषानें आपल्या सुट्या त्याच कामीं खर्चीं घातल्या. महिना पंचाहत्तर रुपयांवर वीस वर्षें शिकविण्याचें व्रत घेतलेल्या या प्राध्यापकांना कोणाच्या दारीं जाण्यांत कमीपणा वाटला नाहीं. आज ज्यांना वाटतो त्यांनीं आपला मान गोखल्यांच्या मानाशीं ताडून पाहावा.

धोंडो केशव कर्वे यांच्याविषयीं तर काय सांगावें! १८९६ सालीं त्यांनीं अनाथ बालिकाश्रम काढला. १९१६ सालीं महिला विद्यापीठ काढलें. १९२० सालीं सर विठ्ठलदास ठाकरसी यांनीं त्या विद्यापीठास पंधरा लाखांची देणगी दिली आणि त्यांच्या मातोश्रींचें नांव विद्यापीठास मिळालें. एवढी देणगी मिळाल्यावर दुसरा कोणी स्वस्थ बसला असता. अण्णासाहेब वयाच्या सत्तरीनंतर युरोप, अमेरिका, जपान आणि मागाहून आफ्रिका असे संस्थेच्या कामासाठीं हिंडले. पंधरा लाख देणाऱ्याच्या शेजारीं एक रुपया देणाऱ्यालाहि त्यांच्या लेखीं जागा होती. साताऱ्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांनीं तर रुपयाचीहि अट काढून टाकली; दळतांना बायांनीं मूठभर धान्य बाजूस काढावें आणि तें वसतिगृहांतील मुलांच्या पोटांत जावें, अशी मुष्टिफंडाची योजना होती. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसाफंडांतून १९०८ सालीं तळेगांवास कांचेचा कारखाना उभा राहिला. ज्या समाजानें एकेक पैसा देऊन भट्टी पेटविली, त्याला 'आमच्याकडे दानत नाहीं' असें चिटणीसांनीं चहाच्या आधीं सांगावें, हें आम्हांस सहन होत नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, ते दिवस गेले आणि तीं माणसेंहि गेलीं. आमचा मुद्दा नेमका तोच आहे. कर्वे ज्या संस्थेंत आहेत तिला देणगी कार्यालयाची आवश्यकता नाहीं, कारण पायपीट, पत्रव्यवहार, हिशेब आणि आभार हीं चारहि कामें एकच मनुष्य मरेपर्यंत करतो. ज्या संस्थेंत कर्वे नाहींत (आणि आमच्या माहितीच्या एकाहि लहान महाविद्यालयांत ते नाहींत) तिला तीं कामें साध्या माणसांकडून, पगार देऊन, नेमानें करून घेतलीं पाहिजेत. कर्वे दरवर्षीं जन्मास येत नाहींत. पावतीपुस्तक कोणत्याहि दुकानांत मिळतें.

दुसरी अडचण शब्दाचीच आहे. 'देणगी' हा शब्द आमच्या पिढीनें नासविला. १९८३ पासून महाराष्ट्रांत विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांचें पीक आलें आणि थोड्याच काळांत 'देणगी किती?' या प्रश्नाचा अर्थ 'जागा केवढ्याला?' असा होऊन बसला. १९८७ सालीं कॅपिटेशन फी रोखण्यासाठीं राज्यास स्वतंत्र कायदा करावा लागला, यावरूनच रोग किती पसरला होता हें दिसतें. कायद्यानें रोग किती हटला हें ज्याचें त्यानें ठरवावें. शब्द मात्र शुद्ध झाला नाहीं. मुलाच्या प्रवेशासाठीं ज्यानें एकदां पेढ्यांच्या खोक्यांतून नोटा पोंचविल्या, त्याच्यापुढें दहा वर्षांनीं वाचनालयासाठीं पावतीपुस्तक धरलें म्हणजे तो मनांत हंसतो, आणि त्याचें हंसणें अगदींच अन्यायाचें असतें असें आम्हांस म्हणवत नाहीं.

म्हणून आमची पहिली सूचना कांहीं जणांस विचित्र वाटेल. देणगी कार्यालय बळकट करावयाचें तर प्रथम तें वर्षाचे कांहीं महिने बंद ठेवावें. प्रवेश सुरू झाल्यापासून शेवटची जागा भरेपर्यंत, ज्याचें मूल अर्जदार आहे किंवा पुढल्या वर्षीं होणार आहे अशा कोणाकडूनहि एक रुपया घेऊं नये, आणि ही गोष्ट प्रवेशाच्या खिडकीवर मोठ्या अक्षरांत लिहून लावावी. आमच्या मंडळांत हें मांडलें तेव्हां एक सभासद म्हणाले, "अहो, पीक उभें असतांनाच शेतकरी विळा म्यान करतो काय?" आम्हीं एवढेंच म्हटलें कीं, तें पीक आपलें नव्हे. ठराव दोन मतांनीं फेटाळला गेला. पुढील सभेंत आम्ही तो पुन्हां मांडणार आहों.

दुसरी गोष्ट माणसाची. या कामीं पूर्ण वेळेचा एक मनुष्य नेमला पाहिजे आणि त्याला बरा पगार दिला पाहिजे. 'देणगीच्या पैशांतून देणगी मागणाऱ्याचा पगार?' असा आक्षेप लगेच येतो, आणि तो घेणारे बहुधा स्वतः कधीं पांच रुपयेहि दिलेले नसतात. महाविद्यालयांत प्रयोगशाळेसाठीं परिचर असतो, क्रीडांगणासाठीं माळी असतो. शंभर घरांशीं संस्थेचें नातें राखावयाचें काम मात्र फुकट व्हावें अशी आमची अपेक्षा! तें काम फुकट झालें, आणि त्याचें फळ खणांत सांपडलें. मात्र हा मनुष्य टक्केवारीवर नेमूं नये. अलीकडे कांहीं मंडळी बाहेरून येऊन 'आम्ही निधि उभा करून देतों, शेंकडा इतके आमचे' असें सांगतात. त्यांच्यापासून दूर राहावें. शेंकडा घेणाऱ्याला पंचवीस हजारांचा धनादेश दिसतो, हजाराचा दिसत नाहीं. आणि जिन्यांत बसून वाचणारी मुलगी तर त्याच्या हिशेबांत कधींच येणार नाहीं.

या मनुष्यानें मागावयाचें केव्हां? आमच्या मतें पहिलें वर्षभर मागूंच नये. त्यानें पहिलें वर्ष प्रवेशाचीं जुनीं रजिस्टरें काढून बसावें आणि या महाविद्यालयांतून कोण कोण गेलें, आज कोठें आहे, याची यादी करावी. आमच्याकडील रजिस्टरांना वाळवी लागली आहे, तरी १९७२ नंतरचीं बहुतेक वाचतां येतात. जुने शिक्षक अजून जिवंत आहेत आणि त्यांना आश्चर्य वाटावें इतकीं नांवें आठवतात; ते गेले म्हणजे ती यादी पैसे देऊनहि होणार नाहीं. त्याच वर्षांत पूर्वींच्या प्रत्येक ठेवीचा व प्रत्येक पारितोषिकाचा शोध घ्यावा, आणि तीं देणाऱ्यांच्या घरीं, काय झालें व काय झालें नाहीं, हें पत्रानें कळवावें. त्या पत्रांतून एकहि रुपया मागूं नये. पुढें देणग्या येऊं लागल्या म्हणजे आठवड्याच्या आंत पावती आणि वर्षाच्या आंत 'आपल्या पैशाचें असें केलें' हें सांगणारें, त्या माणसासाठीं लिहिलेलें पत्र गेलें पाहिजे. छापील आभारपत्रावर नांवाची जागा मोकळी ठेवून तींत शाईनें नांव भरलेलें आम्हांस स्वतःस एकदां आलें होतें. नांवहि चुकलें होतें.

आमच्या चिटणीसांचें यावर म्हणणें असें कीं, संस्थेचे हिशेब दरवर्षीं तपासले जातात आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याप्रमाणें धर्मादाय आयुक्तांकडे जातात. आणखी काय पाहिजे? त्या हिशेबानें आयुक्तांचें समाधान होत असेल. तो त्यांच्यासाठींच असतो. ज्या बाईनें दिव्यासाठीं पांच हजार पाठविले तिला 'इतर जमा' या ओळींत आपले पांच हजार ओळखूं येत नाहींत. आणि कायद्याचीच भाषा बोलावयाची तर तीहि आमच्याविरुद्ध जाते. लोक ज्याला अजून '८०-जी' म्हणतात त्या आयकराच्या सवलतीसाठीं, २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून प्रत्येक देणगीदाराचा तपशील संस्थेनें आयकर खात्यास कळवावा आणि देणगीदारास तसें प्रमाणपत्र द्यावें असा नियम झाला. संस्थेनें तो तपशील भरला नाहीं तर जुन्या करपद्धतींतला देणगीदार आपल्या सवलतीस मुकतो, आणि पावती खिशांत असूनहि मुकतो. आमच्या आळसाचा दंड ज्यानें उपकार केला त्यानें भरावा, ही कोणती रीत?

राहतां राहिली कंपन्यांची गोष्ट. २०१३ च्या कंपनी कायद्यानें मोठ्या कंपन्यांनीं आपल्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्याकडे द्यावे असें ठरल्यापासून लहान महाविद्यालयांचे चिटणीस मुंबईकडे डोळे लावून बसले आहेत. तो पैसा मिळाला तर घ्यावा. परंतु तो बहुधा ठराविक योजनेसाठीं, ठराविक मुदतीपुरता येतो; संगणकांच्या खोलीसाठीं येतो, तीच खोली पुढें दहा वर्षें झाडून ठेवण्यासाठीं येत नाहीं. शासनाचें अनुदान जेथें आहे तेथें तें मुख्यतः पगाराचें असतें, आणि रिकाम्या जागांवर तासाच्या हिशेबानें शिकविणाऱ्या तरुणांस पाहिलें म्हणजे तेंहि किती पुरतें तें कळतें. वाचनालय रात्रीं दहापर्यंत उघडें ठेवणें, खाणावळीचें बिल थकलेल्या मुलाचे दोन महिने निभावून नेणें, परीक्षेच्या फीसाठीं कोणाची शेळी विकली जाऊं नये हें पाहणें, या गोष्टी कोणत्याच मोठ्या योजनेंत बसत नाहींत. त्या ज्यांनीं भोगल्या त्यांनाच समजतात, आणि तीं माणसें त्या वाळवी लागलेल्या रजिस्टरांत आहेत.

त्यांच्यापैकीं कांहीं आमचे वाचकहि असतील. त्यांच्याशीं आमचें थोडें भांडण आहे. लहान गांवच्या महाविद्यालयांत शिकून मोठ्या शहरीं गेलेल्या मंडळींना आपलें महाविद्यालय आठवतें तें बहुधा थट्टेच्या निमित्तानें: गळकें छत, एकच सूक्ष्मदर्शक, इंग्रजी चुकीचें बोलणारे पण मूल उपाशी असल्यास घरीं जेवावयास नेणारे सर. मुलांच्या लग्नांत मंडपाच्या फुलांवर आपण जें उधळतों त्याचा हिशेब आम्ही येथें मागत नाहीं. इतकेंच सुचवितों कीं, आपल्या महाविद्यालयास एकदां पत्र लिहून, कोणतीहि रक्कम न पाठवितां, 'आमच्या वेळचीं पारितोषिकें अद्याप दिलीं जातात काय?' असें विचारून पाहावें. उत्तर आलें नाहीं तर पुन्हां लिहावें. अशीं वीस पत्रें एका महिन्यांत आलीं तर कोणत्याहि कार्यकारी मंडळास एक मनुष्य नेमणें भाग पडेल. आमच्यासारख्याच्या ठरावापेक्षां तें फार लवकर होईल.

खणांत सांपडलेल्या सहा धनादेशांबद्दल आम्हीं सहाहि जणांस क्षमेचीं पत्रें लिहिलीं. नवा धनादेश मागितला नाहीं. दोघांचा पत्ता बदलला होता, तीं पत्रें परत आलीं. एका गृहस्थांच्या मुलाचें उत्तर आलें कीं, वडील दोन वर्षांपूर्वीं वारले. महाविद्यालयाकडून पोंच कां आली नाहीं म्हणून ते अधूनमधून विचारीत असत. दोघांचें उत्तर नाहीं. जिन्यांत बसून वाचणाऱ्या बाईंचें पत्र मात्र आठ दिवसांत आलें. क्षमेविषयीं त्यांनीं एक अक्षर लिहिलेलें नाहीं. वाचनालय हल्लीं किती वाजतां बंद होतें, एवढाच प्रश्न त्यांनीं केला आहे. तें अजून सहालाच बंद होतें. हें त्यांना कळवावयाचें पत्र आमच्या टेबलावर आहे, आणि त्याच्याबरोबर मंडळाच्या पुढील सभेची कार्यक्रमपत्रिका आहे. तींत वाचनालयाच्या वेळेचा विषय आम्हीं पहिला घातला आहे.